वळता छेद

मुक्काम आंबेगाव, पाटाच्या कामावर
सोमवार, ४ मार्च १९०७

शौकत,

रामराम. घाईत लिवतोय, अक्षर लागलं न्हाई तर जुळवून वाच.

आज सकाळी बोगदा बसला. न्याहारीला समदे गडी भाईर आले व्हते, आत दोघंच. तुझा थोरला भाऊ दिलावर आन् माझा धाकला सोपान. धाडकन आवाज झाला, तोंडातनं धुरळ्याचा लोट आला. पळत आत गेलो तर पुढं नुसता मुरूम. जितका ओढावा तितका वरनं येतोय. दोन गडी त्यात गाडले जाता जाता वाचले. तोंडाकडनं आत शिरायचं आता जमायचं न्हाई.

पण ऐक, दोघं जिते हायेत. दगडाला कान लावला की ठोके येतात. सोपान दोन मारतो, दिलावरभाई तीन. कामावर त्यांचं तसंच ठरल्यालं व्हतं.

आता वरनंच विहीर पाडून त्यांना गाठायचं. पण पाडू कुठं? वरनं डोंगर समदीकडं सारखाच दिसतो. कामाचा नकाशा दिलावरभाईच्या बंडीत व्हता, त्यो आत ऱ्हायला. ओव्हरसिअर रजेवर गेलेत. आता त्यो नकाशा तुझ्या कचेरीतल्या पेटीत आन् तुझ्या डोक्यात, आणखी कुठं न्हाई. तूच त्यो मेणकापडावर उतरवला व्हतास ना?

तोंडापासून आत तीनशेवीस फूट खणून झालंय, परवाच माप घेतलं. ती दोघं त्या शेवटाला आसतील. वरनं ती जागा कुठं येती आन् किती खोल, एवढं कळव बाबा. गेणभाऊ तट्टावर येतोय, घोडेगावला तट्टू बदलून रातोरात पोचंल. त्याला भाकरी घाल आन् लगीच परत लाव.

तू मात्र येऊ नको. पेटीजवळ बस. ओव्हरसिअरची तार आली तर कचेरीत माणूस पायजे, आन् आणखी काय विचारावं लागलं तर मी कुणाला विचारू? बिबिजान चाचीला आन् जोहराभाभीला धीर दे.

तुझा
हौशीराम


जुन्नर
मंगळवार, ५ मार्च, पहाटे

हौशीराम,

तुझं पत्र वाचलं. अम्मीला आणि भाभीला सांगितलं. भाभीनं पदर तोंडात कोंबला. अम्मी म्हणाली, ठोके मारतोय ना, मग रडता कशाला, दुवा मागा.

मी कचेरीचं दार उघडून पेटी उपसली. वरून दिसणारा नकाशा पेटीत नाही, ओव्हरसिअर सोबत घेऊन गेले असणार. उजाडताच पुण्याला तार करतो. पण छेदाचा कागद सापडला. तोच मी उतरवला होता. त्याची घाईनं काढलेली नक्कल सोबत देतो, ती अशी वाच.

छेद म्हणजे डोंगर वरपासून खालपर्यंत सुरीनं चिरला आणि एक फोड उचलून बाजूला ठेवली, तर चिरलेल्या अंगावर जे दिसेल ते. भोपळा चिरल्यावर साल, गर, बिया दिसतात तसं. वरची वाकडी रेघ ती जमीन. खालच्या दोन सरळ रेघा तो बोगदा. मधल्या जागेत ठिपके आहेत, तो मुरूम. डाव्या टोकाला बोगद्याचं तोंड, उजव्या टोकाला तुम्ही आधीच पाडलेली वरची विहीर, जिथवर बोगदा अजून पोचायचा आहे.

आता एवढंच कर. तोंडापासून वरच्या विहिरीकडं दोरी ताण. दोरीवर तीनशेवीस फूट मोज, जमीन चढती आहे म्हणून दोरी आडवी धरून टप्प्याटप्प्यानं. जिथं येईल तिथं पहार मार. कागदावर तिथली खोली पंचवीस फुटांच्या आत आहे. सगळा मुरूमच. हात चालवले तर दोन दिवसांत पोचाल.

मी यायलाच हवं होतं. माझा सख्खा भाऊ आत आणि मी इथं कागद चाळत बसू? तू नको म्हणतोस म्हणून बसतो. पण पुढच्या खेपेला ये म्हण, लगेच निघतो.

गेणभाऊ खाऊन निघाला आहे. सोपानला आणि भाईजानला वरून ओरडून सांग की आम्ही येतोय. ऐकू जाईल न जाईल, ओरड.

शौकत


आंबेगाव
मंगळवार, ५ मार्च, संध्याकाळी

शौकत,

गेणभाऊ दुपारच्या आतच आला. तू सांगितलंस तशी दोरी ताणली, जागा गावली, आन् बघ तर काय, तिथंच ठोके! जमिनीला कान लावला की साफ ऐकू येतंय. गड्यांना असं बळ आलं म्हणतोस! गावातनं, शेजारच्या वाड्यांतनं माणसं आली. बाया पाट्या वाहत्यात. कुशाबाई, सोपानची बायकू, सकाळपासून पाण्याला शिवली न्हाई, तीबी पाट्या उचलतीया. अडवली तर अंगावर येती.

तुझी चिरफाड मला समजली बरं का. शाळेत गणितं तू करायचास आन् मी तुझ्या पाटीवरनं बघून लिवायचो, तसंच आजबी.

एक अडचण झालीया. पुरुषभर खाली गेलो आन् काळा दगड लागला. पार निबर. पहार मारली की ठिणगी पडती. सुरुंग लावायची छाती व्हत न्हाई, खाली दोघं हायेत, आणखी बसलं तर? म्हणून छिन्नीनंच चाललंय. दीस मावळंस्तवर वीतभर बी झालं न्हाई. तरी गडी हटत न्हाईत, कारण दगडावर कान ठेवला की ठोके आणखीच जवळ आल्यावानी वाटत्यात. सोपानचे दोन, दिलावरभाईचे तीन.

तू येऊ नको म्हणलो ते उगा न्हाई. तू तिथं हायेस म्हणून मला आधार हाय. चाचीला सांग, पोरगा तिचा लई दमाचा गडी हाय.

गेणभाऊला दोन घटका निजू दे. जनावर बी दमलंय, माणूस बी.

हौशीराम


जुन्नर
बुधवार, ६ मार्च

हौशीराम,

थांब. छिन्नी थांबव आणि हे पत्र दोनदा वाच.

काळा दगड लागला असं तू लिहिलंस. मी कचेरीत जाऊन कागद पुन्हा पसरला. त्या छेदात काळा दगड कुठंच नाही. तोंडापासून विहिरीपर्यंत नुसते ठिपके, नुसता मुरूम. काळ्या दगडाला आम्ही आडव्या-तिरक्या दाट रेघोट्या मारतो, तशी एक रेघोटी नाही. जर तू त्याच चिरलेल्या अंगावर खणत असतास, तर तुला मुरूमच लागायला हवा होता. म्हणजे तू त्या अंगावर नाहीस.

चूक माझी आहे, आता नीट सांगतो. छेद एकाच तऱ्हेचा नसतो. पुरा छेद म्हणजे सुरी आरपार सरळ. अर्धा छेद म्हणजे चतकोर फोड काढायची, कागदावर निम्मं साल दिसतं निम्मा गर. तिसरा तुकड्याचा, कलिंगडवाला गिऱ्हाइकाला त्रिकोणी खाप काढून आतला रंग दाखवतो ना, तसा. आणि चौथा वळता छेद. यात सुरी सरळ जात नाही. थोडी सरळ, मग बाजूला वळते, पुन्हा सरळ होते. जी जी गोष्ट दाखवायची तिच्यावरून फिरत जाते. पण कागदावर ते सगळं एका ओळीत मांडतात. कागद बघणाऱ्याला वाटतं सगळं सरळ आहे.

सरळ छेदाच्या खाली दोनच अक्षरं असतात, क-ख. या कागदाखाली लिहिलंय, छेद क-ख-ग-घ. चार अक्षरं, म्हणजे दोन वळणं. ती अक्षरं मीच माझ्या हातानं उतरवली होती आणि मंगळवारी पहाटे मला दिसली नाहीत. रेघा उतरवणाऱ्याला रेघाच दिसतात.

आता हे कळतंय. तुझ्या दोरीच्या खाली तो काळा दगड उभा आहे. म्हणून बोगदा त्याला वळसा घालून नेला असणार. वळसा उजवीकडं की डावीकडं, हे छेदात कळत नाही, आणि पुण्याहून तारेला उत्तर नाही. पण एक खूण आहे. कागदावर तीनशेवीस फुटांच्या वर जमिनीची रेघ खाली दबली आहे, ओटीसारखी. म्हणून तर तिथं खोली कमी. तुझ्या खड्ड्याच्या जागी जमीन तशी दबलेली आहे का? नसेल तर आजूबाजूला बघ. जिथं घळ असेल तिथं सोपान आहे.

आणि आत काम केलेल्या गड्यांना विचार, बोगदा कुठल्या हाताला वळतो.

गेणभाऊ आज फार उशिरा निघतोय, माझ्यामुळं. त्याला बोलू नकोस.

शौकत


आंबेगाव
गुरुवार, ७ मार्च, सकाळी

शौकत,

तुझं पत्र वाचून डोस्कं फिरलं माझं. मंगळवारी तूच म्हणलास हितं खण. आता तूच म्हणतोस हितं नको. गड्यांना मी काय तोंड दाखवू?

घळ हाय. न्हाई म्हणत न्हाई. खड्ड्यापासनं उत्तरेला, करवंदीच्या जाळ्यांमधी जमीन दबल्याली हाय, पावसाळ्यात तिथनं पाणी जातं. पन्नास-साठ पावलं असंल. पण शौकत, तिथं काय बी ऐकू येत न्हाई! मी सोता पालथा पडून कान लावला. घटकाभर पडून ऱ्हायलो. मुंग्या चढल्या कानात, पण ठोका न्हाई. आन् हितं खड्ड्यात उतरलं की बोटावर मोजावे इतके साफ. सांग, जिथं आपलं माणूस हाक मारतंय ती जागा सोडून मुक्या जागी कसा जाऊ?

गड्यांना विचारलं. एक म्हणतो बोगदा वळतोय, एक म्हणतो सरळच हाय. अंधारात टेकू धरून चालायचं, उजवं-डावं कुणाला कळतंय! लाईन धरायचं काम दिलावरभाईचं व्हतं, बाकी समदे त्याच्या पाठीवर डोळं ठेवून जायचे.

कुशाबाईला तुझं म्हणणं सांगितलं तर ती खड्ड्यात उतरून आडवी पडली. म्हणली, माझ्या अंगावर माती लोटा आन् मग कुठं जायचं तिकडं जा. तिला काय सांगू? कागदावर ठिपके हायेत म्हणून नवऱ्याचा आवाज सोड?

ठोके मंद झालेत, ते बी सांगून ठेवतो. दिलावरभाईचे तर लईच. कधी येतात, कधी न्हाई. चाचीचं मन तयार ठेव.

माझ्यानं आता ठरवणं व्हत न्हाई. तू सांगशील ते करतो. पण ह्या बारीला चुकलास तर सोपान गेला समज, आन् मग मी बी ह्या कामावरनं उठत न्हाई.

हौशीराम


जुन्नर
गुरुवार, ७ मार्च, दुपारी

हौशीराम,

घळीत खण.

आवाजाचं सांगतो. मुरूम भुसभुशीत, तो आवाज गिळतो. काळा दगड सलग असतो, त्याच्या एका अंगाला ठोका मारला की दुसऱ्या अंगाला निघतो. आमच्या आळीत पाटा-वरवंट्याचे टाकीवाले आहेत, त्यांच्याकडं मोठा दगड एका टोकाला ठोकला की दुसऱ्या टोकाला हाताला लागतो. सोपान त्या काळ्या दगडाच्या उत्तर अंगाला बसून त्यावर ठोकतोय आणि तुला ते दगडाच्या डोक्यावर ऐकू येतंय. आवाज खरा आहे, जागा खरी नाही.

माझ्यावर भरवसा बसत नसेल तर तूच तपासून बघ. बोगद्याच्या तोंडातून आत जा, मुरूम पडलाय तिथपर्यंत. तिथं दिवा विझव आणि मागं बघ. बोगदा सरळ असेल तर तोंड तुला लहान का होईना, उजेडाच्या ठिपक्यासारखं दिसलं पाहिजे. दिसलं तर माझा कागद चुलीत घाल. दिसलं नाही तर बोगदा वळलाय आणि घळीत खणायचं.

कुशाबाईला खड्ड्यातून उठवू नका. तिचा कान तिथंच राहू दे. ठोका आला की तिनं हात वर करावा, म्हणजे काठावरचं माणूस घळीतल्या गड्यांना सांगेल. पहारी मात्र सगळ्या घळीत.

अम्मीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, यात माझी खात्री आहे. मंगळवारी खात्री नव्हती, घाई होती.

पत्राला उत्तर लिहू नको, त्यात वेळ जातो. सोपान निघाला की लिही.

शौकत


आंबेगाव
शनिवार, ९ मार्च

शौकत,

सोपान निघाला. जिता हाय.

तुझं पत्र आलं तवा तिन्हीसांज व्हती, भाईर उजेडच उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे फटफटल्यावर मी एकलाच आत गेलो. पडल्याल्या मुरमापाशी पोचून दिवा विझवला आन् मागं वळून बघितलं. काय बी न्हाई. काळोख. तोंडाला ऊन आलं आसंल तरी उजेडाचा ठिपका न्हाई. रोज जाता-येता आमाला वाटायचं, लई लांब आलो म्हणून उजेड गेला. भाईर आलो, पहार घेतली आन् घळीत एकलाच खणाया लागलो. कोण येईना. मग एक आला, मग चार, मग समदे आले. मुरूमच लागला, शौकत. तुझ्या ठिपक्यांवानी.

दुपारनंतर कुशाबाईचा हात वर यायचा थांबला. ती खड्ड्यातनं उठून आली आन् समद्यांसमोर माझी गचांडी धरली. म्हणली, तुमी त्याला सोडलं म्हणून त्यो गप झाला. मी तशीच पहार मारत ऱ्हायलो. मला बी तसंच वाटत व्हतं.

आज उन्हं वर आली तवा पहार खाली सटकली, पार मुठीपतुर. भोकातनं थंड हवा आली. आवाज दिला तर खालनं कण्हल्यावानी झालं. दोर सोडून मी सोता उतरलो. सोपान काळ्या दगडाला पाठ लावून बसला व्हता. दगडातनं पाझरणारा पाण्याचा झिरपा चाटून ऱ्हायला म्हणे. वर काढला तवा डोळं उघडवत नव्हते. पयलं काय बोलला ठावं हाय? म्हणला, दिलावरभाई निघाला का? मी म्हणलो, निघाला.

शौकत, आता पुढचं लिवतो. बसून वाच.

दिलावरभाई सोमवारीच गेला. तुला पयलं पत्र लिवलं त्याच्या आधीच. तोंडाकडनं मुरूम ओढताना त्याचा हात लागला. त्यो भाकरी खायला भाईर यायला निघाला व्हता, मधीच सापडला. सोपान पुढं व्हता म्हणून वाचला. ठोके सोपान एकलाच मारत व्हता. दिलावरभाईचे तीन ठोके मी लिवले. माझ्या हातानं लिवले.

घोडेगावातली तुमच्यातली माणसं बोलवली, नवाब अत्तारांनी पुढं होऊन समदं केलं. तिथल्याच कबरस्तानात मंगळवारी सकाळी माती दिली. गेणभाऊला मी म्हसोबाच्या पायावर हात ठेवायला लावून सांगितलं, जुन्नरात एक अक्षर बोलायचं न्हाई.

का केलं ते सांगतो. तुला कळलं आसतं तर तू सगळं टाकून घोडेगावला धावला आसतास, मग त्यो कागद कुणी वाचला आसता? माझा एक भाऊ आत व्हता. तुझा गेला व्हता, माझा आत व्हता. मी तुला भावाच्या तोंडाला मुकवला, चाचीला लेकाला मुकवलं. मला त्या वक्ताला दुसरं काय बी सुचलं न्हाई. आता तू म्हणशील ती शिक्षा.

हौशीराम


जुन्नर
सोमवार, ११ मार्च

हौशीराम,

मला बुधवारपासून माहीत होतं.

गेणभाऊ बुधवारी सकाळी आला. अम्मीनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली आणि विचारलं, माझ्या दिलावरचा आवाज कसा येतो रे, जोरात की हळू? त्यानं भाकरी बाजूला सारली. बाहेर तट्टाला पाणी पाजायच्या निमित्तानं त्यानं मला बोलावलं आणि माझे पाय धरले. त्याला दोष देऊ नको. शपथ मोडली म्हणून तो अजून रडतो.

आधी वाटलं, घोडेगावला जावं. मग वाटलं, आंबेगावला यावं आणि तुझा गळा धरावा. खोटं कशाला बोलू, हौशीराम, घटकाभर असंही वाटलं की तू तिथं काळ्या दगडावर डोकं आपटत बस, मला काय त्याचं. काळा दगड लागल्याचं तुझं पत्र माझ्या हातात होतं. अर्ध्या रात्रीत पोचणारी गोष्ट मी अर्धा दिवस दाबून बसलो. गेणभाऊला उशीर झाला तो त्यामुळं. मग कचेरीत गेलो आणि कागद पसरला.

मला कळलंय हे तुला का कळवलं नाही, ते ऐक. तू ठोक्यांची जागा सोडून मुक्या जागी जायचं होतंस, माझ्या एका शब्दावर. ज्याच्या भावाची माती तू चोरून उरकलीस, तो माणूस दाखवतोय त्या जागी तू सोपानला सोडून गेला असतास? मी सूड घेतोय अशी शंका तुला आली असती. म्हणून गप्प बसलो. बुधवारपासूनची माझी पत्रं काढून बघ, भाईजानचं नाव एकदाही लिहिलेलं नाही. लिहिता आलं नाही.

पण घरात लिहिण्याचा प्रश्न नव्हता, वाचायचं होतं. भाभीला वाचता येत नाही. तू पाठवलेलं प्रत्येक पत्र ती समोर बसून मला वाचायला लावायची. तीन ठोके, तीन ठोके. माहीत असून मी वाचून दाखवलं. गुरुवारी तू मंद झाले असं लिहिलंस, मी वाचलं, जोरात येताहेत. ती हसली, हौशीराम. तीन दिवस माझ्या घरात एक बाई माझ्या खोट्यावर जगली, आणि ते खोटं आधी तुझं होतं.

शनिवारी रात्री गेणभाऊ आला. तुझ्या पत्रात सोपान निघाल्याचं वाचलं आणि मग दोघींना सांगितलं. भाभी इद्दतीत बसली आहे, नवऱ्यामागचे चार महिने दहा दिवस घरातच, कुणाशी बोलत नाही. माझ्याशी तर नाहीच. सोपान वाचला याचा मला आनंद आहे. आहे, हे लिहितो, कारण तो खरा आहे. पण तू इकडं येऊ नको. तुला बघितलं तर मी काय करीन, मला ठाऊक नाही.

अम्मी रडली नाही. तिनं एकच विचारलं आणि ते मी तुला विचारतो. त्याला अंघोळ कुणी घातली? नीट घातली का? अंगावरची माती सगळी निघाली का? खरं लिही. या वेळी तू खोटं लिहिलंस तर ते पकडायला माझ्याकडं कुठलाच कागद नाही, म्हणून तरी खरं लिही.

शौकत


आंबेगाव
मंगळवार, १२ मार्च

शौकत,

अंघोळ नवाब अत्तारांनी आन् त्यांच्या जावयानं घातली. पाणी मी शेंदलं. त्यांनी मला आडोशाच्या भाईर उभं केलं, तिथनं घागरी देत व्हतो. सात घागरी झाल्या तरी मुरमाचं तांबडं पाणी आडोशाखालनं येतच व्हतं. मी म्हणलो, आणखी देतो, थांबू नका. पाणी निवळ येईस्तवर शेंदत ऱ्हायलो. केसातली माती निघाली. नखातली न्हाई निघाली, ती तशीच ऱ्हायली. डाव्या कानशिलाला जखम व्हती, ती धुवून त्यांनी कापूर भरला. कफन नवं व्हतं. तोंड झाकायच्या आधी मला बोलवून दाखवलं. तोंडाला काय बी झालं नव्हतं, ते चाचीला सांग. निजल्यावानी व्हता.

सोपानला काल समदं सांगितलं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं आन् अजून वळला न्हाई.

तू येऊ नको म्हणलास. पण सोपानला गाडीत घालून मी शुक्रवारी जुन्नरला येतोय. दिलावरभाई शेवटचं काय बोलला, ते त्याला एकल्यालाच ठावं हाय, आन् चाचीला त्यानंच सांगाया पायजे. त्याला घरात घे. मी भाईर गाडीपाशी थांबीन.

हौशीराम